मांडवीत वर गोडं, खाली खारं

गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावरून आमची होडी सुटली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. श्रावणातली मांडवी नदी तांबडी, फुगलेली. शेजारून चोडणची फेरीबोट दुचाक्या भरून निघालेली. खाडीच्या पाण्याचे नमुने घेणाऱ्या अभ्यासकांबरोबर जायला मिळणार, म्हणून मुद्दाम पुण्याहून आलो होतो.

काळी-पांढरी सेक्की डिस्क दोरीने पाण्यात सोडली, ती हातभर जायच्या आत दिसेनाशी झाली. इतका गाळ! मग निस्किन बाटली. दोन्ही तोंडं उघडी ठेवून ती तळाशी सोडतात आणि दोरीवरून एक वजन खाली पाठवतात. ते आदळलं की झाकणं फटकन मिटतात, तिथलंच पाणी आत अडकतं.

खारेपणा दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर वरच्या पाण्याचा थेंब टाकून डोळ्याला लावला. क्षार जवळपास नाहीतच. तळाच्या पाण्याचा थेंब टाकला आणि रेघ कितीतरी वर गेली. गोडं पाणी हलकं, ते वरून समुद्राकडे धावतं. जड खारं पाणी त्याच्याखालून आत शिरतं. उन्हाळ्यात नदीचा जोर ओसरला की खारेपणा पार आतवर चढतो. भरती-ओहोटी तर मुखापासून सुमारे ५० किलोमीटरवर, गांजे गावापर्यंत जाणवते.

प्राणवायूचा नमुना किनाऱ्यापर्यंत थांबत नाही. होडीतच बाटलीत दोन रसायनं घातली. तपकिरी साका बसू लागला, म्हणजे पाण्यात प्राणवायू आहे. तो पांढराच राहिला असता, तर तळातल्या तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, काही खरं नव्हतं.

उधाणाच्या मोठ्या भरतीला एक आकडा, भांगाच्या लहान भरतीला दुसरा. एका दिवसाच्या मोजणीवर खाडीबद्दल काहीच बोलता येत नाही. दोना पावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ची, मांडवी आणि जुवारी नद्यांच्या नोंदी १९७०च्या दशकापासूनच्या. २०१२ साली खाणी थांबल्या, खनिजाच्या बार्ज थांबल्या. त्याने नदीत काय फरक पडला हे ताडून बघायला अशाच जुन्या नोंदी लागतात. या कामाला पैसा कमी पडू देऊ नये असं मला मनापासून वाटतं. सुटलेलं वर्ष नंतर मोजता येत नाही.

चोडणला खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधावर मानस बघितली. मानस म्हणजे पाणी अडवायची झडप. भरतीच्या रेट्याने तिची दारं आपोआप मिटतात. तिथल्या शेतकऱ्याने नमुन्यांची पेटी बघून पहिलं विचारलं, "खारेपण किती?" त्याचं कोरगुट भात मीठ सोसतं, पण मर्यादेतच.

तुम्ही गेलात तर ओहोटीची वेळ बघून जा, तिवरांची मुळं उघडी दिसतात. चोडणच्या धक्क्यालगतच्या डॉ. सलीम अली अभयारण्यात पक्षी बघायचे तर हिवाळाच बरा.