डोळा नाही, बाजू गेली होती

बाबा दिवाळीपासून म्हणत होते, "डाव्या डोळ्यानं दिसून नाही राहिलं." आम्ही चष्म्याचा नंबर बदलला, त्यात तीन आठवडे गेले अन् फरक शून्य. मग एकदा पेपर वाचताना बाजूला बसलो तर दिसलं की ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवातच त्यांना सापडत नव्हती, बोटानं चाचपून शोधत होते. डाव्या पायाला पलंगाचा कोपरा तर रोजच लागायचा.

नागपुरात धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी बाबांचा डावा डोळा झाकला, समोर बसून बोटं मोजायला लावली, तर चांगल्या म्हणवणाऱ्या उजव्या डोळ्यालाही डावीकडची खालची बोटं दिसेनात! "काका, डोळा नाही, बाजू गेलीय," मॅडम म्हणाल्या. माझ्या पोटात गोळाच आला.

मग फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी, हम्फ्री नावाच्या मशीनवर, २४-२ प्रकारची (मधला साधारण २४ डिग्रीचा भाग). एका डोळ्यावर पट्टी, पांढऱ्या भांड्यात तोंड घालून मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, कुठेही बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं, असे ५४ पॉइंट. बाबा उपाशी अन् थकलेले, नजर सारखी ठिपक्यामागे पळायची, फिक्सेशन लॉस (नजर मधून हलल्याच्या नोंदी) इतके आले की मॅडमनी तो रिपोर्ट वाचलाच नाही. मला तेव्हा राग आला, पण त्यांचंच बरोबर होतं. तुमच्याकडे कोणाची टेस्ट असेल तर सकाळी, पोटभर खाऊन न्या.

दुसऱ्यांदा नीट झाली. मॅडमनी दोन्ही डोळ्यांचे कागद एकावर एक ठेवून एक्सरेच्या लाइटबॉक्सवर धरले. ब्लाइंड स्पॉट, म्हणजे प्रत्येक डोळ्याला मुळातच न दिसणारा ठिपका, एकाचा उजवीकडे, एकाचा डावीकडे, पण डावा खालचा काळा, म्हणजे न दिसणारा, चौकोन अगदी एकमेकावर बसला अन् मधल्या उभ्या रेषेशी कापल्यासारखा थांबला. म्हणून सांगतो, एकट्या कागदावरून काही ठरवू नका, दोन्ही शेजारी ठेवा. एकाच डोळ्यात दोष असेल तर गडबड डोळ्यात नाहीतर त्याच्या नसेत, दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू गेल्या तर जिथे नसा एकमेकींना ओलांडतात तिथे, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीजवळ, अन् दोन्हीत एकच बाजू गेली तर त्याच्याही मागे. आकार जितका जुळेल तितकी जागा मेंदूत मागे.

नंतर त्याच मशीनवर १०-२ प्रकारची टेस्ट केली, त्यात ठिपके दोन-दोन डिग्रीवर असतात म्हणून मधलं बारीक कळतं. मधली नजर वाचली होती. गोल्डमन नावाच्या दुसऱ्या फील्ड टेस्टमध्ये माणूस हातानं दिवा बाहेरून आत आणतो, त्यामुळे २४-२ च्या बाहेरची कडा कळली, अन् बाबांना तीच सोपी गेली, कोणीतरी बोलत होतं ना सोबत.

एमआरआयमध्ये उजव्या ऑक्सिपिटल लोबच्या (मेंदूचा मागचा, बघण्याचा भाग) वरच्या भागात जुना स्ट्रोक दिसला. डोळ्यात चित्र उलटं पडतं म्हणून वरचं गेलं तर खालचं दिसत नाही.

आता न्यूरोवाल्यांचं औषध सुरू आहे, गाडी बंद. पेपरच्या डाव्या कडेला मी लाल पट्टी ठेवून देतो, ती दिसेपर्यंत नजर मागे न्यायची, की ओळ सापडते. पुढची फील्ड तीन महिन्यांनी, जुने कागद फाईलमध्ये जपून ठेवलेत.