चिंगीचे चट्टे आणि पावतीवरचं ‘इंजे.’

गेल्या जुलैत सोसायटीच्या जिन्याखाली भिजत बसलेली चिंगी, कुत्रीचं पिल्लू, आम्ही घरी आणली, तेव्हा ती जेमतेम दोन महिन्यांची होती. जंताचं औषध, पहिली लस सगळं बिनबोभाट झालं. मग डाव्या डोळ्याभोवतीचे केस गेले आणि पुढच्या पायावर रुपयाएवढा चट्टा उठला. खाजवत मात्र फारशी नव्हती.

भांडुपमधल्याच एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच बघितलं, ‘ॲलर्जी आहे’ म्हणाले आणि इंजेक्शन दिलं. लाली उतरली, आम्ही खूश. दहा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा इंजेक्शन. तिसऱ्या आठवड्यात मान आणि चारही पाय उघडे पडले, बोटांच्या बेचक्यात पुवाच्या पुळ्या आल्या, अंगाला कुबट वास यायला लागला.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं करणारी माझी मैत्रीण म्हणाली, “परळला ने. पण आधी कुठलं इंजेक्शन दिलंय ते विचारून घे.”

इथेच नऊ दिवस गेले. माझ्या पावतीवर फक्त ‘इंजे.’ आणि रक्कम होती. पहिल्या दिवशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, डॉक्टरांनाच विचारा, ते एकला निघतात. दुसऱ्यांदा साडेबाराला पोचले, तर ते निघून गेलेले. फोन केला की ‘मॅडम, आम्ही असं लिहून देत नाही.’ रोज सकाळी चिंगीच्या गादीवर केसांचे पुंजके दिसायचे आणि माझा जीव तुटायचा. तिसऱ्यांदा ऑफिसला अर्धी रजा टाकली आणि चिंगीला टॉवेलमध्ये गुंडाळून रेक्झिनच्या बाकावर दोन तास बसून राहिले. डॉक्टर बाहेर आले. “तुम्हाला कळून काय करायचंय?” मी म्हटलं, “तिच्या अंगात काय गेलंय ते पुढच्या डॉक्टरांना सांगायचंय. लिहून घेतल्याशिवाय मी जाणार नाही.” त्यांनी माझीच पावती उलटी करून लिहिलं: डेक्सामेथासोन, दोन तारखा. म्हणजे स्टेरॉइड. अर्ध्या मिनिटाचं काम! म्हणून सांगते, पहिल्याच दिवशी औषधाचं नाव आणि डोस लिहून घ्या. लाजू नका.

रिक्षा शीवपर्यंतच जाते, पुढे टॅक्सी करून परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी पावती वाचली आणि लगेच स्क्रेपिंग केलं. चट्टा चिमटीत दाबायचा, बोथट पात्याने रक्ताचा बारीक ठिपका दिसेपर्यंत खरवडायचं आणि ते पॅराफिनच्या थेंबात काचेवर ठेवायचं. मलाही सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. सिगारसारखे लांबट किडे, पुढच्या बाजूला आखूड पाय. डेमोडेक्स. पहिल्या काही दिवसांत दूध पिताना आईकडून पिल्लात येतात, बहुतेकांच्या अंगावर थोडे असतातच; प्रतिकारशक्ती कच्ची असली की माजतात. एखाददुसरा चट्टा पुष्कळदा आपोआपही भरतो. स्टेरॉइडने तीच प्रतिकारशक्ती दाबली गेली होती.

वजनाप्रमाणे महिन्याची चघळायची गोळी, पुळ्यांसाठी औषधी शाम्पू. फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा, त्याशिवाय उपयोग नाही.

शेजारच्या काकू मुलांना आमच्या दारात येऊ देत नव्हत्या. त्यांना सांगितलं, हे माणसाला लागत नाही. पिल्लू रात्रंदिवस खाजवत असेल आणि आपल्याही हातावर पुरळ उठत असेल तर ती खरूज वेगळी. गोल, कोंडा सुटणारे चट्टे असतील तर गजकर्ण. ही दोन्ही पसरतात. म्हणून तर स्क्रेपिंगचा आग्रह धरायचा. आणि हो, रॉकेल किंवा गाडीचं जळकं तेल कोणी सुचवलं तर अजिबात लावू नका, पिल्लू ते चाटतं.

केस आले तरी डॉक्टरांनी गोळी थांबवू दिली नाही. महिन्याच्या अंतराने स्क्रेपिंगच्या दोन काचा स्वच्छ, म्हणजे एकही किडा नसलेल्या, हव्या होत्या. दुसरी डिसेंबरात आली. ती पावती, मागे डेक्सामेथासोन लिहिलेली, चिंगीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवलीय.