गाडी लावायलाच जागा नव्हती

मैफलीहून परतलेला माणूस पहिलं वाक्य गाण्याबद्दल कधीच बोलत नाही. रविवार कारंजापासून दोन गल्ल्या आत माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि गेली बावीस वर्षं काउंटरमागे बसून मी हे ऐकत आलोय. पहिलं वाक्य ठरलेलं. "अरे, गाडी लावायलाच जागा नव्हती." दुसरं खुर्च्यांबद्दल. तिसरं समोर बसलेल्या उंच माणसाबद्दल, किंवा मध्येच उठून गेलेल्या कुटुंबाबद्दल. मग चहा येतो. चहाचा दुसरा घोट घेतल्यावर सांगणारा चष्मा काढतो, काचेच्या काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "पण काय सांगू तुला..." आता गाणं सुरू होणार, हे मला तेव्हा कळतं.

मला हे सगळे येऊन सांगतात, कारण मी गेलेलो नसतो. आमच्या गटात ही जागा माझी. दिवाळीच्या पाडव्याला नेहरू चौकातल्या पिंपळपारावर पाडवा पहाट असते. अर्धं जुनं नाशिक अंधारातच नवे कपडे घालून, सुगंधी तेलाच्या वासासकट तिथे जाऊन बसतं. मी मात्र त्याच वेळी दुकानात केरसुणी घेऊन उभा. पाडव्याला वहीपूजन असतं. वडील ते उजाडायच्या आत करायचे, म्हणून मीही करतो. वह्या कधीच गेल्या. आता कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर हळद-कुंकू पडू नये म्हणून त्यावर रुमाल टाकतो आणि पडद्याच्या कडेला गंध लावतो. वारा बरा असला तर तिकडून तबल्याची थाप येते. सूर येत नाही. पोळ्या लाटायचा आवाज ऐकू यावा आणि वास येऊ नये, तसं काहीसं.

साडेआठ-नवाला ही मंडळी येतात.

यातले आमचे सर म्हणजे शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या सांगण्यात जरा शिस्त असते. तरी गाडी त्यांनाही चुकत नाही, फक्त त्यांची सायकल असते. एका पाडव्याला ते म्हणाले, "ललत लावला होता." मी म्हटलं, "बरं." ते म्हणाले, "बरं काय? तंबोरा मध्यमात मिळवला होता." मग त्यांनी मला बसवून समजावलं. ललत रागात पंचम, म्हणजे 'प', नाही, त्यामुळे एरवी तंबोऱ्याची पहिली तार पंचमात असते ती इथे मध्यमात आणतात. शिवाय दोन्ही मध्यम, शुद्ध आणि तीव्र, एकमेकांना खेटून येतात. "एका दारातून दोन भाऊ बाहेर पडावेत तसे," सर म्हणाले. उपमा कशी वाटली ते माझ्या चेहऱ्यावर बघायला थांबले आणि मग स्वतःच म्हणाले, "नाही, तसे नाही." बराच वेळ दुसरी उपमा शोधत राहिले. सापडली नाही, तेव्हा हात वर केला.

हा हात मी शेकडो वेळा पाहिलाय. उजवा हात खांद्याच्या जरा वर जातो, अंगठा आणि पहिलं बोट जुळतं, जणू हवेत लोंबणारा एखादा बारीक दोरा धरलाय. डोळे मिटतात. तोंड किंचित उघडतं, पण आवाज निघत नाही, कारण आपण गाऊ शकत नाही हे त्या माणसालाही ठाऊक असतं. दोन-तीन सेकंद तो दोरा तसाच धरलेला असतो. मग बोटं सुटतात, हात मांडीवर पडतो आणि माणूस म्हणतो, "असं."

मी तेवढ्या वेळात त्याचा चष्मा पुसून ठेवतो. एवढीच माझी साथ.

सगळेच सरांसारखे नसतात. आमच्यातला एक बँकेत होता. मैफलीला आणखी कोण आलं होतं, यातच त्याला रस. गायक त्याच्या हजेरीपटात तळाला. दुसऱ्याला फक्त चुका दिसतात. दव पडून तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल झाली, तबला उतरला, मध्येच हातोडी काढून ठोकाठोक करावी लागली, हे तो इतकं रंगवून सांगतो की त्या दिवशी हातोडीचाच कार्यक्रम होता असं वाटावं. पण त्याचं ऐकावं. हात तोही वर करतो, फक्त उशिरा, निघताना, पायरीवर उभा राहून.

तिसरा मोबाईलवाला. "थांब, ऐकवतोच तुला," म्हणत तो बोट फिरवत राहतो. लग्नाचे फोटो जातात, नातीचा डान्स जातो, गॅसच्या बिलाचा फोटो जातो, आणि शेवटी चाळीस सेकंदांचं एक चित्रण निघतं. पडद्यावर कुणाच्या तरी फेट्याची मागची बाजू. लांबवर पिवळ्या उजेडात एक ठिपका, तोच गायक. आवाजात सगळ्यात ठळक काय असतं, तर त्याचंच "आहाहा". त्याच्याखाली एक मूल रडतंय, त्याच्याखाली कुठे तरी गाणं. तो मात्र डोळे विस्फारून माझ्याकडे बघतोय. त्याला त्यात सगळं ऐकू येतं. मी मान हलवतो. खोटं हलवतो असं नाही. ते "आहाहा" तरी खरंच असतं.

मध्यंतरी वाटायचं, हा सगळा जुन्या लोकांचा, शास्त्रीय गाण्यावाल्यांचा खेळ. ते भाचीनं खोडून काढलं. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. १८, १९ आणि २१ तारखेला. तिकिटं आदल्या सप्टेंबरात निघाली, तेव्हा ती आमच्याकडेच होती. रविवारी दुपारी जेवण सोडून लॅपटॉपपुढे बसलेली, ऑनलाइन रांगेत नंबर काही लाखांत. आमच्या आईनं विचारलं, "देवदर्शनाचा पास आहे का?" आम्ही नाशिकचे, आमची गर्दीची कल्पना सिंहस्थाच्या पुढे जात नाही. कुणाच्या मैत्रिणीच्या भावाकडून कसं कोण जाणे, तिकीट मिळालं एकदाचं.

परत आल्यावर ती दुकानात आली आणि म्हणाली, "मामा, कसारा घाटातच दीड तास गेला."

मी मनात म्हटलं, वा, आली लायनीवर.

मग पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, मग बाथरूमची रांग, मग समोरचा उंच मुलगा. तोसुद्धा होता! मला तर वाटतं हा एकच माणूस सगळीकडे जाऊन पुढे बसतो. आणि मग ती मनगटातल्या पट्ट्यांबद्दल सांगायला लागली. गेटवर प्रत्येकाला एक पांढरा पट्टा देतात, आत दिवे असतात, आणि गाण्याबरोबर सगळ्या स्टेडियमचे पट्टे एकदम पेटतात. लाल, मग निळे, मग पिवळे. "मला वाटलं होतं आपण बघायला चाललोय," ती म्हणाली. "पण आपणच दिसत होतो." कार्यक्रम संपल्यावर पट्टा परत द्यायचा असतो. तिनं दिला आणि आता पस्तावत होती. रिकामं मनगट मला दाखवलं, दुसऱ्या हातानं ते धरून जरा वर केलं. इथे बोटं जुळली नाहीत, मूठ होती. पण डोळे मिटलेले, आणि दोन-तीन सेकंद तेवढेच.

आमच्या गटातले अण्णा शेजारीच बसले होते, पंचाहत्तरीचे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुख्य माणूस किती वेळ गायला?" ती म्हणाली, "दोन तासांच्या आसपास." अण्णा म्हणाले, "म्हणजे संथ, विलंबितच."

शेजारच्या मोबाईल दुकानदाराचा मुलगा सुलाफेस्टला जातो. गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यात २००८ पासून हा गाण्या-बजावण्याचा सोहळा सुरू झाला. २०२० नंतर मध्ये काही वर्षं खंड पडला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत परत भरला. त्या दिवसांत तिकडे रात्री चांगलंच गारठतं, निफाडचा पारा पेपरात रोज छापून येण्याचे दिवस ते. त्याचं सांगणं अगदी थोडक्यात. "काका, बेस पोटात वाजतो." पोटावर हात ठेवून दाखवतो. एवढंच. आमच्या नाशिक ढोलापुढे उभं राहिलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगायला लागत नाही. मिरवणुकीत मोठा ढोल जवळून गेला की माझ्या दुकानाच्या काचा हलतात, मांडलेल्या फ्रेमा हळूहळू पुढे सरकतात. आधी मी त्या मागे लावत बसायचो, आता मिरवणूक संपेपर्यंत हात लावत नाही.

अण्णांचं सगळंच जुनं. तरुणपणी ते पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जायचे. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला तो उत्सव रात्र-रात्र चालायचा. अण्णा घोंगडी आणि दशम्या घेऊन जायचे. त्यांच्या सांगण्यात गाण्याआधी थंडी येते, थंडीआधी एसटी. पण त्यांनी रात्री दोनला दरबारी ऐकलाय आणि पहाटे तोडी, एकाच बैठकीवर. हे आता होणे नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातून मोजके दिवस सवलत, तीही मध्यरात्रीपर्यंत. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या घरामागेच मंगल कार्यालय आहे. पण उत्तररात्रीचे राग त्यामुळे आमच्यासारख्यांसाठी सांगोवांगीचे झाले, हेही खरं. मध्यरात्रीनंतरचा मालकंस मी ऐकला तो अण्णांच्या हातात, सकाळी अकरा वाजता.

आणि अण्णांकडे त्यांच्या वडिलांचाही एक ऐवज आहे. विष्णु दिगंबर पलुसकर उतारवयात नाशिकला राहिले, १९२२ साली त्यांनी इथे रामनाम आधाराश्रम काढला. गाणं दरबारातून काढून तिकीट लावून चारचौघांत आणणारा हा माणूस. म्हणजे गाडी लावायच्या तक्रारीचं मूळ शोधायचं तर त्यांच्यापर्यंत जाता येईल. त्यांचे चिरंजीव बापूराव, डी. व्ही. पलुसकर, १९५५ साली गेले. चौतिसाव्या वर्षी. अण्णा तेव्हा पाच वर्षांचे. त्यांच्या वडिलांनी बापूरावांना समोर बसून ऐकलं होतं. "सूर कसा होता," अण्णा सांगतात, "तर वडील असं करायचे." आणि हात वर करतात. तो हात त्यांचा नाही, वडिलांचा आहे. बोटं जुळत नाहीत, तळवा उघडा, आकाशाकडे, वर नाजूक काही ठेवल्यासारखा. बापूरावांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आज कुणालाही मोबाईलवर ऐकता येतात. मीही ऐकल्यात. ऐकताना तो उघडा तळवा डोळ्यांपुढून जात नाही, आणि तबकडीत जास्त गोड लागतं ते त्या तळव्यामुळे की कसं, हे आता मला वेगळं काढता येत नाही.

सांगण्यात भर पडते, ती पडतेच. बँकवाल्याची एक तान पाच वर्षांपूर्वी अडीच सप्तकांची होती, परवा तीन झाली. मी काही बोलत नाही.

गेल्या पाडव्याला मुलानं पंचांग पुढे धरलं. म्हणाला, "बाबा, वहीपूजनाला सकाळी उशिराचाही मुहूर्त असतो. दुपारचाही. हे दरवर्षी असंच असतं." बावीस वर्षं मी पंचांग उघडून बघितलं नव्हतं, वडिलांची वेळ तीच माझी. बायको म्हणाली, "जा आता, नाही तर केरसुणी देते हातात."

गेलो. पारावर सगळे भेटले. मला बघून जरा दचकलेच. अंधार होता, पणत्या होत्या, कुणी तरी सरकून सतरंजीवर जागा दिली. तबला मिळवताना हातोडी वाजली आणि हातोडीवाल्यानं मला कोपरानं ढोसलं. मग गाणं झालं. मध्ये कधी तरी पिंपळाची पानं वेगवेगळी दिसायला लागली होती.

नंतर चहाला बसलो आणि पंचाईत झाली. कुणी बोलेना. सर म्हणाले, "छान झालं." बँकवाला म्हणाला, "हो, छान झालं." मोबाईलवाल्यानं मोबाईल बाहेर काढला, सगळ्यांकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला. सगळ्यांनीच ऐकलेलं, सांगायचं कुणाला? अण्णा तर चक्क माझ्यावर रागावल्यासारखे दिसत होते. दहा मिनिटांत पांगलो.

दुकान उघडलं. कामाला असलेला पोरगा आधीच येऊन काच पुसत होता. वर्षभर या सगळ्यांचं ऐकणारा तोही. म्हणाला, "शेठ, कसं झालं गाणं?"

"अरे, गाडी लावायलाच जागा नव्हती," मी म्हटलं. मी चालत गेलो होतो.

पुढे काही तरी सांगणार होतो. पहिल्या बंदिशीत एका जागी तो गायक वर जाऊन थांबला होता, आणि तबल्यानंही जरा वाट पाहिली होती, ती जागा. शब्द जुळेनात. चष्मा काढून काउंटरवर ठेवला. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा पोरगा फडकं हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"शेठ," तो म्हणाला, "खांदा परत धरला का?"