महायुद्धाला हात-पाय असतात

शाळेच्या या महोत्सवी अंकासाठी नववीतली एक आठवण लिहिते आहे. आम्हाला इतिहासात पहिल्या महायुद्धाचा धडा होता. कारणं ठरलेली होती: साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, आक्रमक राष्ट्रवाद आणि तात्कालिक कारण म्हणून ऑस्ट्रियाच्या युवराजाचा साराजेव्हो इथला खून. मुद्दे पाठ केले की गुण मिळत. आमच्या इतिहासाच्या सरांना मात्र ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी चित्रकलेच्या बाईंना गाठलं, वेळापत्रकात दोन तास सलग मिळवले आणि आम्हाला सांगितलं, की प्रत्येक गटाने एकेका कारणावर राजकीय व्यंगचित्र काढायचं.

अटी कडक होत्या. ठिणगी, पेटती वात, दारूगोळ्याचं कोठार यातलं काहीही चालणार नाही, कारण ते पुस्तकातलं वाक्य आहे, तुमचं नव्हे. ‘वाद’ने संपणारा एकही शब्द चित्रात लिहायचा नाही. आणि चित्रात कुणीतरी काहीतरी करताना दिसलं पाहिजे. वर्गात कुजबुज सुरू झाली, कारण सगळ्यांच्या डोक्यात बॉम्बच होता. एकाने धीर करून विचारलं, “सर, मग लष्करवाद कसा दाखवायचा?” सर म्हणाले, “लष्करवाद म्हणजे कोण, ते आधी सांग. त्याला हात-पाय असतील ना? ते काढ.”

आज कलाशिक्षिका म्हणून मी मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवते, आणि ‘ते काढ’ हे दोन शब्द माझ्याही तोंडून जातात.

सरांनी सुरुवातीला एक जुनं चित्र झेरॉक्स करून वाटलं. ‘पंच’ या इंग्रजी साप्ताहिकात २ ऑक्टोबर १९१२ रोजी छापलेलं. बाल्कनच्या, म्हणजे आग्नेय युरोपातल्या भानगडींचं मोठं पातेलं उकळतंय आणि युरोपातल्या महासत्तांचे पुढारी झाकण उडू नये म्हणून त्यावर बसून राहिले आहेत. सहाच दिवसांनी, ८ ऑक्टोबरला मॉन्टेनेग्रोने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि झाकण उडालंच. आम्ही चित्राच्या प्रेमात पडलो. सरांनी विचारलं, “पातेल्याखाली जाळ कुणी घातला?” चित्रात ते नव्हतं. ऑस्ट्रिया-हंगेरीने १९०८ मध्ये बाल्कनमधला बॉस्निया-हर्झेगोविना आपल्या राज्याला जोडून टाकला होता. म्हणजे लाकडं सारणाऱ्यांपैकी एक जण झाकणावर भल्या माणसासारखा बसला होता. व्यंगचित्र उत्तम असूनही काहीतरी लपवू शकतं, किंबहुना जितकं उत्तम तितकं सहज लपवतं, हे त्या तासाला कळलं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो मागच्या बाकावरच्या मुलांच्या चित्रावर. त्यांनी महायुद्धाची भाऊबंदकी केली होती. नाती त्यांनी नीट लावली होती. इंग्लंडचा पाचवा जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर विल्हेल्म हे दोघेही व्हिक्टोरिया राणीचे नातू. जॉर्जला कैसर आतेभाऊ. जॉर्ज आणि रशियाचा झार निकोलस सख्खे मावसभाऊ. झारची बायको कैसरची मावसबहीण, म्हणजे झार त्याचा मेहुणा. तिघेही फेटे बांधून बांधावर उभे, हातात काठ्या, तोंडात शिव्या. वर्ग खूश होता. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी बांधाचं भांडण चालूच असे, त्यामुळे चित्र लगेच पोचलं.

सरांनी आधी मनापासून दाद दिली आणि मग दोन प्रश्न टाकले. पहिला, शेत कुणाचं? १९११ मध्ये जर्मनीने ‘पँथर’ नावाची युद्धनौका मोरोक्कोच्या अगादिर बंदरात पाठवली, ती फ्रान्सला शह देण्यासाठी. मोरोक्को ना जर्मनीचा, ना फ्रान्सचा. मग बांधावर भांडणारे तर दिसतात, त्या शेतात राबणारा माणूस चित्रात कुठे आहे? दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. भाऊबंदकी हे खरंच कारण होतं का? जुलै १९१४च्या अखेरीस कैसर आणि झार एकमेकांना ‘विली’ आणि ‘निकी’ अशा सह्यांनी तारा पाठवत होते, युद्ध टाळू या म्हणत होते. तरी ३० जुलैला रशियात सर्वसाधारण सैन्यजमवाजमवीचा हुकूम निघाला आणि १ ऑगस्टला जर्मनीने युद्ध पुकारलं. नात्याने युद्ध लागलं नाही, आणि नात्याने ते थांबलंही नाही. सर म्हणाले, “चित्र झकास आहे, पण कारण खोटं आहे. हसू आलं म्हणून ते खरं ठरत नाही.”

मुलं हिरमुसली, पण चित्र फाडलं नाही. पुढच्या आठवड्यात तिघेही बांधावरच होते, फक्त काठ्या खाली होत्या आणि प्रत्येकाच्या मागे एक लष्करी अधिकारी घड्याळ बघत उभा होता. जर्मनीची सगळी योजनाच आगगाड्यांच्या वेळापत्रकावर बेतलेली होती: रशियाची जमवाजमव पुरी होण्याआधी बेल्जियममधून घुसून फ्रान्सला पाडायचं. १ ऑगस्टला कैसरच्या मनात आलं, की फ्रान्सला सोडून सगळी फौज पूर्वेकडे वळवावी. त्याचा सरसेनापती मोल्टके म्हणाला, आता ते शक्य नाही. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९च्या करारात होती, त्यावर इंग्लंडची सही होती आणि ४ ऑगस्टला इंग्लंड युद्धात उतरलं. बांधाच्या खालच्या बाजूला त्या मुलांनी नांगर धरलेला एक माणूसही काढला. तो त्या तिघांकडे बघत नव्हता, चित्र बघणाऱ्याकडे बघत होता. इतकं चांगलं रेखाटन आमच्या वर्गात दुसऱ्या कुणी केलं नसेल.

आमच्या मुलींच्या गटाकडे गुप्त करार आले होते. मी टाक आणि काळी शाई घेऊन कोरा चेक काढायला बसले. ५ आणि ६ जुलै १९१४ या दोन दिवसांत जर्मनीने ऑस्ट्रियाला शब्द दिला, की युवराजाच्या खुनाबद्दल सर्बियाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही पाठीशी आहोत. इतिहासकार त्याला कोरा चेकच म्हणतात. त्या भरवशावर २३ जुलैला सर्बियाला निर्वाणीचा खलिता गेला आणि २८ जुलैला युद्ध जाहीर झालं. माझ्या चित्रात कैसर ऐटीत सही करतोय आणि ऑस्ट्रियाचा म्हातारा सम्राट फ्रान्झ जोसेफ थरथरत्या हाताने रकमेची जागा भरतोय. सर बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, “खातं कुणाच्या नावावर आहे?”

या प्रश्नाने मला आजोळी नेलं. सातारा भागातल्या त्या गावात चावडीच्या भिंतीवर एक दगडी पाटी आहे: या गावातून महायुद्धावर किती माणसं गेली आणि त्यातली किती परतली नाहीत, याचा हिशेब तिच्यावर कोरलेला आहे. लहानपणी मी ती अक्षरं बोटाने गिरवली होती, पण पाठ्यपुस्तकातलं युद्ध आणि पाटीवरचं युद्ध एकच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग सरांनी सांगितलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज इराकच्या किनाऱ्यावर उतरली. पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी तिथे लढल्या, डिसेंबर १९१५ पासून कूत शहरात वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या सैन्याला उपाशीपोटी शरण जावं लागलं. संपूर्ण युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली आणि सुमारे ७४,००० मेली. साराजेव्हो कुठे आहे हेही त्यातल्या बहुतेकांना माहीत नसणार.

मी चेक तसाच ठेवला. खातेदाराच्या जागी एक रांग काढली. सर्बियन, जर्मन, फ्रेंच, रशियन शेतकरी, आणि रांगेच्या शेवटी मुंडासं बांधलेला आमच्याकडचा गडी. बाईंनी रांग चौकटीबाहेर जाऊ दिली. म्हणाल्या, “कागद संपला तरी रांग संपत नाही असं वाटू दे.” चित्रकलेचं इतकं नेमकं मार्गदर्शन मला पुढे डिप्लोमाच्या वर्गातही फार वेळा मिळालं नाही.

स्नेहसंमेलनात ही चित्रं व्हरांड्यात लागली. पालक थांबून थांबून बघत होते, आणि दोन आजोबा तर माझ्या रांगेपुढे उभे राहून कुणाच्या घरचं कोण इराकातल्या बसऱ्याला गेलं होतं याची उजळणी करत होते. परीक्षेत मात्र कारणं मुद्द्यांतच लिहायची होती, आणि ती आम्ही लिहिलीही. पण प्रत्येक मुद्द्याशी आता मला माणसं दिसत होती: कुणी सही करणारा, कुणी घड्याळ बघणारा, कुणी नुसता रांगेत उभा. वर्तमानपत्रात ‘युद्ध भडकलं’ असा मथळा आला, की आजही मी तो पुरता वाचत नाही. कुणी काय केलं ते आधी शोधते. युद्ध आपोआप भडकत नाही, हे मी त्या व्हरांड्यात शिकले आणि त्याचं ऋण मला या अंकात लिहून ठेवायचं होतं.

महोत्सव समितीला एक विनंती आहे. प्रदर्शनात माजी विद्यार्थ्यांचे फोटो लागणारच आहेत. एक भिंत यंदाच्या नववीसाठी मोकळी ठेवावी. युद्ध कोणतं घ्यायचं ते त्यांनी ठरवावं, पानिपत घ्या नाहीतर दुसरं महायुद्ध. कार्डशीट, शाई आणि टाक मी घेऊन येईन. तारीख तेवढी कळवा.