हिरड्या मागे सरणे आणि सफाईची भीती

दातांची सफाई करून घेतली की दात हलायला लागतात, हा समज आमच्या नात्यागोत्यात इतका पक्का आहे की हिरड्या मागे सरून दातांची मुळे स्पष्ट दिसू लागली तरी वडीलधारी मंडळी दंतवैद्याकडे जायला तयार होत नाहीत. या भीतीपायी वाचवता आले असते असे दात गेलेले मी जवळून पाहिले आहेत, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहे.

दाताच्या दिसणाऱ्या भागावर इनॅमलचे कठीण कवच असते, पण मुळावर ते नसते. तेथे सिमेंटमचा पातळ थर आणि त्याखाली डेंटिन, म्हणजे दाताचा आतला मुख्य भाग, असतो. हिरडी सरकून मूळ उघडे पडले आणि हा थर झिजला, की डेंटिनमधील सूक्ष्म नलिकांवाटे गार पाण्याचा किंवा आंबट पदार्थाचा परिणाम थेट दाताच्या नसेपर्यंत पोहोचतो आणि कळ येते. इनॅमल विरघळायला तोंडातील सामू (आम्लता दाखवणारा आकडा, तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ पर्यंत खाली यावा लागतो. मूळ मात्र त्याहून सौम्य आम्लातही विरघळू लागते, त्यामुळे उघड्या मुळाला कीड लवकर लागते.

हिरड्या सरण्याची दोन मुख्य कारणे एकमेकांहून अगदी निराळी आहेत. काही जणांचे तोंड अतिशय स्वच्छ असते, पण कडक ब्रशने आडवे, जोर लावून घासण्याच्या सवयीमुळे पातळ हिरडी झिजते. ओळीबाहेर आलेल्या दातांवर, विशेषतः सुळ्यांवर, हे आधी दिसते. दुसऱ्या प्रकारात दातांवर साचलेला जंतूंचा थर कडक होऊन त्याचे किटण बनते, हिरडीला सूज येते आणि आतले हाड हळूहळू झिजत जाते. हाड खाली गेले की हिरडीही त्याच्यामागे जाते. मधुमेह आटोक्यात नसेल तर ही झीज अधिक वेगाने होते.

सफाईविषयीच्या गैरसमजाचे मूळ याच दुसऱ्या प्रकारात आहे. आधार गमावलेल्या दातांच्या फटींत किटण इतके घट्ट बसलेले असते की दात एकमेकांना चिकटून स्थिर राहतात. ते काढल्यावर फटी मोकळ्या होतात, सूज उतरल्याने हिरडी आणखी खाली गेल्यासारखी दिसते, आणि आधीच सैल झालेला दात हलतो हे प्रथमच लक्षात येते. दोष सफाईचा नसतो. हाड त्याच्या कितीतरी आधी झिजलेले असते.

महाराष्ट्रात या दुखण्याला मशेरीची जोड आहे. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड अनेक घरांतील स्त्रिया पहाटे उठल्याबरोबर हिरड्यांवर चोळतात, आणि त्यामुळे दात बळकट होतात असे आजही सांगितले जाते. तंबाखूतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून आजारी हिरडीतूनही रक्त कमी येते आणि ‘माझ्या हिरड्या चांगल्या आहेत’ असे वाटत राहते. मला हीच गोष्ट सर्वांत घातक वाटते, कारण रक्त येणे हा रोगाचा पहिला इशाराच त्यात दडपला जातो. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच.

गेलेली हिरडी आपोआप परत वाढत नाही आणि कोणत्याही तेलाने किंवा दंतमंजनाने ती वर येत नाही, म्हणून उपचाराची सुरुवात कारण थांबवण्यापासूनच होते. दंतवैद्य बारीक खुणा असलेल्या सळईने हिरडी व दात यांमधील खोली मोजतात. ती तीन मिलिमीटरपर्यंत असणे ठीक मानले जाते. त्याहून खोल भाग असतील तर सफाईबरोबर हिरडीखालील मुळेही स्वच्छ करावी लागतात. घरी मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून हलक्या हाताने फिरवावा. पोटॅशियम नायट्रेट असलेल्या टूथपेस्टने ठणका कमी होतो, पण त्यासाठी काही आठवडे नियमितपणे ती वापरावी लागते.

मूळ फारच उघडे पडले असेल तर टाळूतील ऊती काढून उघड्या मुळावर बसवण्याची शस्त्रक्रिया करता येते. माझ्या बहिणीच्या खालच्या पुढच्या दाताला ती केली, तेव्हा दातापेक्षा टाळूची जखमच तिला अधिक दुखली. पण मूळ पुष्कळसे झाकले गेले. अमेरिकन दंततज्ज्ञ मिलर यांनी १९८५ मध्ये केलेल्या वर्गीकरणात दोन दातांमधील हाड व हिरडी शाबूत आहे की नाही याला महत्त्व आहे: ती शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकले जाण्याची आशा असते, गेली असेल तर अंशतः झाकले जाते किंवा मुळीच नाही. तंबाखू चालू असताना या शस्त्रक्रियेचे फळ कमी मिळते.

खाजगी दवाखान्यातील खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हिरड्यांच्या उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथील शुल्क बरेच कमी असते. तेथे गेल्यावर हिरड्यांची खोली मोजून नोंद करून द्यावी, असे आवर्जून सांगावे. पुढच्या तपासणीत झीज थांबली की नाही हे त्या आकड्यांवरूनच कळते.