पाटी लावणारे आणि पाटी काढणारे पण आम्हीच

बाबांनी १९७६ साली गिरगावात नावाच्या पाट्या बनवायला सुरुवात केली, जागा कसली, चाळीच्या जिन्याखालची खोपटी आणि एक हातकरवत. दोनच वर्षांपूर्वी नरिमन पॉइंटला एअर इंडियाची २३ मजली बिल्डिंग उभी राहिली होती. समुद्रात भराव टाकून काढलेल्या जमिनीवर टॉवर, टॉवरमध्ये मजले, मजल्यावर कोणीतरी भाड्याने येणार म्हणजे त्याला पाटी लागणार, एवढाच बाबांचा हिशोब.

तेव्हा सगळं पितळेत. अक्षरं कापायची, कानस मारायची, मागे पिना जोडून दगडात भोकं पाडून बसवायची. पण समुद्र समोरच असल्यामुळे खारा वारा पितळ काळं करायचा, वरून लॅकर मारलं तरी दोन पावसाळ्यात हिरवट डाग यायचेच, मग पॉलिशचं वार्षिक काम पण आमच्याकडेच यायचं (बाबा म्हणायचे समुद्र आपला पार्टनर आहे). मी धंद्यात आल्यावर ३१६ ग्रेडचं स्टील सुरू केलं, नेहमीचं ३०४ ग्रेडचं तिथे टिकत नाही, बारीक तांबूस ठिपके पडतात. बाबा आठवडाभर रुसले होते कारण पॉलिशचं काम गेलं!

१२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले, त्यातला एक एअर इंडियाच्या बिल्डिंगला झाला, तो शुक्रवार. मी त्या दुपारी एक पाटी पोचवायला निघणार होतो, पॉलिश वाळलं नाही म्हणून थांबलो. ह्यावर जास्त लिहवत नाही.

पुढे कंपन्या बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जायला लागल्या आणि आम्हाला वाटलं आता संपलं. झालं उलटंच, काढायची कामं यायला लागली. पाटी काढणं सोपं वाटतं, पण २० वर्षं झाकलेला दगड खाली वेगळ्याच रंगाचा असतो, अक्षरं काढली तरी नाव वाचता येतं, मग नवा भाडेकरू वैतागतो. भोकं दगडाच्या भुकटीत अराल्डाइट कालवून भरायची, घासायची, आजूबाजूचा दगड पण थोडा उतरवायचा, तेव्हा कुठे एकजीव दिसतं. लावण्यापेक्षा ह्यातच पैसे जास्त मिळाले. कोण जाणार हे आम्हाला चहावाल्याच्याही आधी कळायचं. एक कंपनी मात्र पाटीचे पैसे न देताच रातोरात गेली, ती पाटी अजून वर्कशॉपात आहे, मागच्या बाजूला आम्ही हिशोब लिहितो.

एअर इंडियाचं मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला गेलं. तशी त्या बिल्डिंगमध्ये भाड्याची ऑफिसं आधीपासून होती, टाटांचीच आयटी कंपनी टीसीएस कितीतरी वर्षं ११ व्या मजल्यावर होती, आणि गंमत बघा, जानेवारी २०२२ मध्ये एअरलाइन टाटांकडे परत गेली पण बिल्डिंग त्या सौद्यात नव्हतीच. ती राज्य सरकारने घ्यायची ठरवली, १,६०१ कोटींना, केंद्राची मंजुरी मार्च २०२४ मध्ये आली. मंत्रालय हाकेच्या अंतरावर, २०१२ च्या आगीपासून तिथे जागेची ओढाताण चालूच होती.

म्हणजे आता सगळ्या पाट्या मराठीत! मी खूश, पण मुलगा म्हणतो बाबा, सरकारी काम ई-टेंडरने मिळतं, ओळखीने नाही. त्याने डिजिटल सिग्नेचर काढून ठेवलीये. मी तोवर देवनागरी कापायची प्रॅक्टिस करतोय, लेझरवर 'क्ष' ची आतली गोल भोकं जळतात, ती अजून हातानेच कानस मारून साफ करावी लागतात.