‘चि.’ वर, नवरदेव खाली

परभणीत माझं डीटीपीचं दुकान. लग्नसराईत पत्रिकांवरून हमखास ऐकावं लागतं, "चि. वर अन् पोरगं खाली, असं कसं करायलाव भौ?" कॉम्प्युटरला नवरदेव कळत नाही. स्पेस दिसली की तो ओळ तोडायला मोकळा. म्हणून ‘चि.’नंतर साधी स्पेस देऊच नका. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस दाबा, जोडी फुटत नाही.

ओळ कुठं तोडायची याची नियमावली युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्या लिहिण्याच्या मानकाच्या, १४ क्रमांकाच्या परिशिष्टात आहे. तिथं दंडाला (।) एक न्याय, उद्गारचिन्हाला दुसरा! आधी स्पेस असली तरी उद्गारचिन्ह नव्या ओळीच्या तोंडाशी जात नाही. अभंगातला दंड मात्र स्पेस मिळाली की खुशाल एकटा खाली उतरतो. भजनी मंडळाचं काम आलं की मी दंड शब्दाला चिकटवूनच टाकतो.

आपलं तरी बरं. थाई लिपीत शब्दांमध्ये जागाच नसते, तिथं सॉफ्टवेअरला शब्दकोश धुंडाळावा लागतो.

खरी कसरत मराठी वाक्यात उर्दू आली की. सॉफ्टवेअर आधी वाचनाच्या क्रमानं ओळ तोडतं, मग एकेका ओळीतली उर्दू उजवीकडून डावीकडं मांडतं. हे बरोबरच आहे. पण डावीकडचे शब्द आधी दिसतात म्हणून कुणी हातानं एंटर मारून तेच वर ठेवले, तर वाक्याचं शेपूट वर अन् तोंड खाली. मी उर्दू सरळ वेगळ्या ओळीवर घेतो. कागद जास्त लागतो, लागू दे.